ॲकूस्टिक गिटार : ब्रँडवरचा जीव आणि टोनची आवड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार वाजवणारी चार माणसं एकत्र जमली की तासाभरात कुठल्या ना कुठल्या ब्रँडवरून वाद निघतोच. मी बरीच वर्षं वाजवतो आहे, मित्रमंडळींच्या गिटारींचा सेटअपही (तारांची उंची वगैरे नीट जुळवणं) करून देतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

इतके वादक एकाच ब्रँडला धरून का राहतात?

पहिलं कारण म्हणजे कान. ज्या रेकॉर्डिंगमुळे आपण गिटारच्या प्रेमात पडलो, त्यातला आवाज आपल्या लेखी गिटारचा मूळ आवाज होऊन बसतो. ब्लूग्रास हे अमेरिकेतलं लोकसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला ड्रेडनॉटचा, म्हणजे मोठ्या पेटीच्या गिटारचा, खर्ज छातीत घुमल्याशिवाय गिटार वाजल्यासारखी वाटत नाही. गायकासोबतची साधी, कोरडी साथ ऐकत वाढलेल्याला तोच घुमारा अंगावर येतो. पुढे आपण वेगवेगळ्या गिटारी वाजवून पाहतो, पण मनातल्या मनात प्रत्येकीला त्या पहिल्या आवाजाशी ताडून बघत असतो.

दुसरं कारण हात. याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण माझ्या मते हेच सर्वांत बळकट कारण आहे. नटपाशी, म्हणजे नेकच्या (मानेच्या) वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, नेकची रुंदी काही गिटारींवर ४२.९ मिलिमीटर असते, काहींवर ४४.५. जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक, पण दहा वर्षं एका रुंदीवर वाजवलेल्या बोटांना दुसऱ्या नेकवर साधा सी कॉर्डही परका वाटतो. स्केलची लांबी, म्हणजे नटपासून पेटीवरच्या सॅडलपर्यंतचं (तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचं) तारेचं अंतर, तेही असंच. गिब्सन कंपनीच्या जे-४५ या मॉडेलवर ते २४.७५ इंच धरतात, मार्टिनच्या ड्रेडनॉटवर २५.४ आणि टेलरच्या बहुतेक मोठ्या गिटारींवर २५.५. तार तीच आणि सूर तोच असला तर पावणेपंचवीस इंचाच्या गिटारवर मार्टिनपेक्षा ताण सुमारे ५ टक्क्यांनी कमी पडतो. बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, हे बोटाला लगेच कळतं. ‘मला त्याच कंपनीची गिटार जमते’ असं म्हणणारा माणूस पुष्कळदा नेकबद्दल बोलत असतो आणि त्याला वाटत असतं की तो टोनबद्दल बोलतोय.

तिसरं कारण ओळखीचं. हेडस्टॉकवरचं, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावरचं, नाव बघून इतर वादक आपल्याला कुठल्या परंपरेत बसवतात, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. यात वाईट काही नाही. फक्त या तिसऱ्या कारणाला पहिल्या दोघांची जागा देऊ नये.

‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘ड्राय’ या शब्दांचा नेमका अर्थ काय?

प्रत्येकाचा थोडा वेगळा, आणि निम्मे वाद तिथेच जन्मतात. मी ज्या अर्थाने वापरतो तो सांगतो.

वॉर्म म्हणजे मधल्या आणि खालच्या पट्टीतले स्वर भरदार, वरच्या तारांना टोक नाही. ब्राइट म्हणजे वरची झंकार पुढे, पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) स्पर्शही स्वच्छ ऐकू येतो. ड्राय म्हणजे मूळ स्वर ठळक आणि त्याच्या भोवतीचे उपस्वर कमी, त्यामुळे प्रत्येक स्वर सुटा आणि कोरडा. याच्या उलट टोकाला ज्या गिटारी आहेत त्यांचा कॉर्ड छेडला की स्वरांभोवती एक वलय तयार होतं आणि ते बराच वेळ विरत नाही. आपल्याकडे यासाठी ‘आस’ हा किती नेमका शब्द आहे! तार छेडल्यावर नाद किती वेळ टिकतो, ती आस. मला विचाराल तर गिटारबद्दल बोलताना ‘टोन चांगला आहे’ म्हणण्यापेक्षा आस लांब आहे की आखूड, खर्ज घट्ट आहे की सैल, वरच्या तारा भरीव आहेत की पातळ, असं बोललं तर समोरच्याला काहीतरी कळतं.

मार्टिनचा आवाज, गिब्सनचा आवाज, टेलरचा आवाज असं खरंच काही असतं का?

असतं, पण ढोबळमानाने.

मार्टिन ही कंपनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेली. टॉपच्या (पेटीच्या पुढच्या फळीच्या) आतून इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात पट्ट्या बसवण्याची पद्धत, म्हणजे एक्स-ब्रेसिंग, १८४० च्या दशकात याच कंपनीच्या गिटारींवर रुजली आणि पुढे जगभरच्या स्टील-तारांच्या गिटारींनी तीच उचलली. डी-२८ म्हटलं की शिसवीची पाठ, खोल खर्ज, वर घंटेसारखा स्वर आणि लांब आस. तिचीच बहीण डी-१८ महोगनीची. ती सरळ आणि स्पष्ट बोलते. एकाच कंपनीच्या या दोन मॉडेलांमध्ये एवढं अंतर आहे की ‘मला मार्टिनचा आवाज आवडतो’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठल्या?

गिब्सनची जे-४५ आली १९४२ मध्ये. उतरते गोल खांदे, महोगनीची पाठ, आखूड स्केल. खालच्या तारांना ठोका आहे, पण स्वर रेंगाळत नाही, पटकन बाजूला होतो. म्हणूनच स्वतः गाणाऱ्या वादकांचा हिच्यावर जीव असतो, कारण गळ्याला जागा मोकळी मिळते. नुसती वाजवताना ‘एवढं काय आहे हिच्यात?’ असं वाटणारी जे-४५ गायला सुरुवात केली की उलगडते.

टेलर या दोघींपेक्षा खूप नवी. बॉब टेलर आणि कर्ट लिस्टग यांनी ती १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात उभी केली. सहाही तारांचा तोल सारखा, वरची बाजू उजळ, नेक हाताला सोपी, अशी तिची ख्याती. रेकॉर्डिंगमध्ये इतर वाद्यांच्या गर्दीत ती चटकन ऐकू येते. ज्यांना हा आवाज आवडत नाही ते त्याला पातळ म्हणतात आणि ज्यांना आवडतो ते स्वच्छ म्हणतात. दोघे एकाच गोष्टीचं वर्णन करत असतात.

आता दुसरी बाजू. कंपनीचं नाव तेच राहिलं म्हणून आवाज तोच राहत नाही. मार्टिनने १९४४ च्या अखेरीस ड्रेडनॉटच्या ब्रेसिंगच्या पट्ट्या कोरून हलक्या करणं थांबवलं, कारण वादक जाड तारा लावत होते आणि टॉप तो ताण सोसेनात. कोरलेल्या पट्ट्यांची एचडी-२८ यायला १९७६ उजाडलं. मधल्या तीस वर्षांतल्या गिटारी आणि त्याआधीच्या गिटारी यांत ऐकू येईल इतका फरक आहे. जे-४५ चे गोल खांदेही मध्ये काही वर्षं चौकोनी झाले होते आणि पुन्हा गोल झाले. तेव्हा निष्ठा ठेवायची तर नावाबरोबर साल आणि मॉडेलही सांगावं लागतं.

ड्रेडनॉट, ओएम, जम्बो : आकाराने टोन किती बदलतो?

खूप. बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त.

ड्रेडनॉट हे नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आलं. मार्टिनने हा आकार १९१६ मध्ये दुसऱ्या एका विक्रेत्या कंपनीसाठी घडवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला काढला. रुंद कंबर, खोल पेटी, त्यामुळे खर्ज मोठा. सगळ्या तारा एकदम छेडून साथ करायला उत्तम. ओएम, म्हणजे मार्टिनचं ऑर्केस्ट्रा मॉडेल, १९२९ ची. बँजो वाजवणाऱ्या पेरी बेक्टेल यांना पेटीबाहेर जास्त फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली नेक हवी होती, त्यातून ती जन्मली. बारीक कंबर, आटोपशीर पेटी, सगळ्या तारा तोलात. फिंगरपिकिंग करणाऱ्यांची, म्हणजे बोटांनी तारा छेडणाऱ्यांची, ती लाडकी. जम्बो आकाराने अवाढव्य असली तरी ती नेहमी खर्जात बुडालेली नसते. गिब्सनच्या मेपलच्या जम्बो उलट झणझणीत आणि सुट्या वाजतात.

‘मला या ब्रँडचा कंटाळा आलाय, दुसरा कुठला घेऊ?’ असं कोणी विचारलं तर मी आधी आकार बदलून बघायला सांगतो. ड्रेडनॉटवरून ओएमवर आलेल्या माणसाला जितका बदल जाणवतो, तितका एका कंपनीच्या ड्रेडनॉटवरून दुसरीच्या ड्रेडनॉटवर जाताना क्वचितच जाणवतो.

पाठ आणि बाजू कुठल्या लाकडाच्या आहेत, याने आवाजात किती फरक पडतो?

या प्रश्नावर मी स्वतः मत बदललेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजची स्पॅनिश गिटार ज्यांच्या हातून आकाराला आली, त्या अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार बनवली. टॉप चांगल्या लाकडाचा आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. टॉपच गिटारचा प्राण आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये बॉब टेलर यांनी असाच एक प्रयोग केला. माल उचलायला वापरतात त्या पॅलेटच्या टाकाऊ ओकपासून पाठ आणि बाजू केल्या, टॉपही भंगारातल्या फळ्या जोडून केला. गिटार छान वाजली, आणि लाकडापेक्षा घडवणाऱ्याचा हात मोठा, हे त्यांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या. त्यात ब्राझिलियन रोझवूडही (शिसवीच्याच जातीचं) होतं आणि सापेलीसारखं सर्रास मिळणारं लाकूडही. बावन्न वादकांनी मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. सहाही गिटारींना आवाजासाठी जवळपास सारखेच गुण मिळाले आणि कुठली कुठली हे ओळखणंही फारसं कोणाला जमलं नाही.

मी तोपर्यंत शिसवीचा कट्टर होतो. ते वाचून आम्ही मित्रांनी आपापल्या गिटारी जमवल्या, डोळ्यांवर पंचा बांधला आणि एकानेच, एकाच पिकने, एकच चाल चारही गिटारींवर वाजवायची असं ठरवलं. मी दोनदा महोगनीला ‘ही शिसवीची’ म्हणालो. पंचा सोडल्यावर हातातला उत्तरांचा कागद बघताना जे वाटलं ते अजून लक्षात आहे. आजही मला शिसव आवडते, तिचा जांभळट तपकिरी रंग आणि कापल्यावर येणारा गोडसर वास आवडतो. पण पाठीच्या लाकडासाठी चांगला टॉप आणि चांगली नेक सोडू नका, असं मी तेव्हापासून सांगतो.

ब्राझिलियन रोझवूड तर १९९२ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक यादीत आहे. त्याच्या टोनच्या दंतकथेत दुर्मिळपणाचा वाटा मोठा आहे.

मग टॉपच्या लाकडाचं काय?

इथे फरक आहे, आणि तो हाताला जाणवतो. टॉप म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी. तारांची सगळी थरथर तीच हवेत पोचवते.

सिटका स्प्रूस सर्वांत जास्त वापरतात. हलक्या हातालाही आणि जोरालाही ते पुरून उरतं. ॲडिरॉन्डॅक स्प्रूसला आणखी ताकद लावली तरी आवाज फाटत नाही, म्हणून पिकने झोडपणारे वादक त्याच्या मागे असतात. सीडर मऊ. बोटाने नुसतं गोंजारलं तरी भरभरून दाद देतं, पण जोर वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर आवाज वाढायचा थांबतो आणि चेपतो. गिटारचं सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे, ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं वेगळं झाड आहे. महोगनीचा टॉप दबका, गोड, मधल्या पट्टीत रमणारा.

तुमचा हात जड आहे की हलका, हे आधी ओळखा. जड हाताच्या माणसाने सीडर घेतलं की तो सहा महिन्यांत कंपनीला नावं ठेवायला लागतो.

सॉलिड टॉप कसा ओळखायचा? लॅमिनेट वाईट असतं का?

साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल छिद्राच्या) कडेला बोट लावून नीट बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. कडेला थरांच्या आडव्या रेघा दिसल्या तर लॅमिनेट. टॉप सॉलिड असावा, असं माझं ठाम मत आहे. पाठ आणि बाजू लॅमिनेट असल्या तर बिघडत नाही, उलट कोरड्या आणि दमट हवेचा मार त्या जास्त सोसतात.

एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वेगळ्या का वाजतात?

कारण दोन झाडं सारखी नसतात, आणि एकाच झाडाच्या दोन फळ्याही नसतात. कंपनी जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत सारखी ठेवते, पण लाकडाचा ताठपणा आणि वजन बदलतं. त्यात एकीच्या तारा नव्या, दुसरीच्या चार महिने लटकलेल्या. एकीची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली, दुसरीची वर. म्हणून मॉडेलचं नाव ऐकून न वाजवता मागवलेली गिटार आवडेलच याची खात्री नाही. नाव आवडलं तरी त्या एका गिटारला भेटायला हवं.

त्याच ब्रँडची, पण दुसऱ्या देशात बनलेली गिटार घेतली तर तो ‘खरा’ आवाज मिळेल का?

मार्टिनच्या काही मालिका मेक्सिकोतल्या नावोहोआला बनतात, टेलरच्या काही तेकातेला. एपिफोन हा स्वस्त ब्रँडही १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीचा आहे. फरक देशामुळे पडत नाही. या स्वस्त मालिकांमध्ये बहुधा ब्रेसिंग, लाकूड, फिनिशची (वरच्या लेपाची) जाडी अशा गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि फरक तिथून येतो. घडण अनेकदा अतिशय नेटकी असते. हेडस्टॉकवर तेच नाव आहे म्हणून डी-२८ चा आवाज मिळेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. ती वेगळी गिटार आहे असं समजून ऐका.

जुनी गिटार वाजून वाजून ‘उघडते’ म्हणतात. खरं का?

लाकूड वर्षानुवर्षं वाळतं, हलकं आणि ताठ होतं, एवढं नक्की. म्हणून तर यामाहा, मार्टिन अशा कंपन्या नवा टॉप भट्टीत नियंत्रित उष्णतेने भाजून त्याला जुनेपण आणतात. पण ‘सहा महिन्यांत उघडली’ असं कोणी म्हणतं तेव्हा मला वाटतं की गिटारइतकाच वादकही उघडलेला असतो. सहा महिन्यांत बोटांना त्या गिटारच्या गोड जागा सापडतात. ब्रिजपासून (पेटीवर तारा अडकवतात त्या पट्टीपासून) किती अंतरावर पिक मारला की स्वर भरतो, हे हात शिकतो. नवी गिटार नावडली तर ‘उघडेल कधीतरी’ या आशेवर मात्र ती घेऊ नका.

माझ्या आवडत्या कलाकाराची गिटार घेतली तर तसा आवाज येईल का?

थोडासा. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी १९९२ मध्ये टीव्हीवरच्या गाजलेल्या ॲकूस्टिक मैफलीत १९३९ ची मार्टिन ०००-४२ वाजवली आणि त्यानंतर लहान आकाराच्या गिटारींना पुन्हा बरकत आली. कितीतरी जणांनी तो आकार घेतला. आवाज मात्र ज्याच्या त्याच्या हाताचाच आला.

मला या बाबतीत सर्वांत जवळचं उदाहरण अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ या गिटारचं वाटतं. ती मार्टिनची एन-२०, नायलॉन तारांची. १९६९ पासून त्यांच्याकडे आहे. नायलॉनच्या गिटारवर पिकगार्ड (पिकच्या ओरखड्यांपासून टॉपला जपणारा पातळ तुकडा) नसतो आणि ते पिकने वाजवतात, त्यामुळे साउंडहोलखाली घासून घासून टॉपला मोठं भोक पडलं आहे. आणि ती पूर्ण मार्टिनही नाही. तिच्यातला पिकअप (तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारा भाग) त्यांच्या आधीच्या, मोडलेल्या बाल्डविन गिटारमधून काढून बसवलेला आहे. म्हणजे जगात ओळखला जाणारा तो आवाज दोन कंपन्यांच्या तुकड्यांतून आणि एका माणसाच्या हातातून आला. त्यांचं प्रेम त्या एका गिटारवर आहे.

तारा बदलून टोन खरंच बदलतो? की हाही ब्रँडचाच खेळ?

खरंच बदलतो, आणि गिटार बदलण्याआधी हेच करून बघायला हवं.

८०/२० ब्राँझ म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. धातुशास्त्राच्या हिशेबाने ते पितळच, पण नाव ब्राँझ पडलं ते पडलं. लावल्या दिवशी झगझगीत वाजतात आणि चमक लवकर उतरते. फॉस्फर ब्राँझ डॅडारिओ या तारा बनवणाऱ्या कंपनीने १९७४ मध्ये आणलं. त्यात तांब्याबरोबर कथील असतं. आवाज जरा भरीव, गोल, आणि टिकतोही जास्त. कोटेड तारांवर पातळ आवरण असतं, ज्यांच्या घामाने तारा आठवड्यात काळ्या पडतात त्यांना ते वरदान आहे. काहींना त्यावर बोट निसटल्यासारखं वाटतं. मला पहिले दोन दिवस वाटलं, नंतर विसरलो.

जाडी आणखी महत्त्वाची. लाइट संचाची पहिली तार ०.०१२ इंचाची असते आणि सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. मीडियम संचात तो आणखी दहाएक किलोंनी वाढतो. टॉप जास्त ताणला गेला की आवाज मोठा होतो, बोटं मात्र दुखतात. लहान आकाराच्या किंवा जुन्या नाजूक गिटारवर मीडियम लावण्याआधी कंपनीने काय सांगितलंय ते जरूर बघा.

एक सोपा प्रयोग. तुमची गिटार ब्राइट वाटत असेल तर फॉस्फर ब्राँझ, बोजड वाटत असेल तर ८०/२०. आधी फोनवर एकच चाल रेकॉर्ड करा, तारा बदला, दोन दिवस वाजू द्या, पुन्हा तीच चाल त्याच जागी बसून रेकॉर्ड करा. ‘ही गिटार विकायची आहे’ म्हणणारे माझे दोन मित्र एवढ्यावरच थांबले.

पिकने किती फरक पडतो?

अर्धा मिलिमीटरचा लवचिक पिक आणि दीड मिलिमीटरचा ताठ पिक एकापाठोपाठ मारून बघा. पहिल्यात पिकचीच फडफड ऐकू येईल, दुसऱ्यात तार. गिटार तीच. मग पिक ब्रिजकडून साउंडहोलकडे सरकवत न्या आणि टोन कसा गोल होत जातो ते ऐका.

प्लास्टिकच्या नट-सॅडलऐवजी हाडाचे बसवावेत का?

फरक असतो, पण छोटा, आणि तोही नीट बसवले तरच. सॅडलचा तळ सपाट काचेवर सँडपेपर ठेवून घासायचा आणि खाचेत तो घट्ट पण जबरदस्ती न करता बसायला हवा. तळ कुठे अधांतरी राहिला तर हाडाचा सॅडलही प्लास्टिकपेक्षा वाईट वाजतो. मी पहिल्यांदा घासला तेव्हा एक टोक जास्त उतरलं आणि सहावी तार बसकी झाली. पूर्ण दुपार पुन्हा त्यात गेली.

प्लग लावल्यावर सगळ्या गिटारी सारख्याच का वाटतात?

सॅडलखालच्या पिएझो पिकअपमुळे. तो तारेचा दाब पकडतो, पेटीतली हवा त्याला फारशी ऐकूच येत नाही. त्यामुळे लाकडाचं, आकाराचं वैशिष्ट्य मागे पडतं आणि पिकचा कट्ट असा आघात पुढे येतो. जे मुख्यतः रंगमंचावर वाजवतात त्यांनी ब्रँड निवडताना पिकअप आणि प्रीअँप (त्याचा आवाज वाढवणारं गिटारमधलं यंत्र) आधी ऐकावा, लाकूड मागाहून. घरी माइकसमोर वाजवणाऱ्याने नेमकं उलट करावं.

चांगल्या ब्रँडची गिटार घेतली, पण आता आवाज बसलाय. फसवणूक झाली का?

आधी हवा तपासा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. माझी एक गिटार अशीच बसली होती. तारा फ्रेटला लागून झिणझिण करायच्या, आस गेलेली, आणि मी दोन महिने बनवणाऱ्यांना दोष देत होतो. मग कोणीतरी आर्द्रतामापक ठेवायला सांगितलं. खोलीत आकडा २८. टॉपवर फूटपट्टी उभी ठेवली तर कडांना उजेड दिसायला हवा, तिथे मध्ये दिसत होता. टॉप खचला होता. केसमध्ये ओलावा देणारी पिशवी ठेवून गिटार तीन आठवडे बंद ठेवली आणि ती परत आली. त्या कंपनीबद्दल मी तोवर चार जणांना वाईट सांगून बसलो होतो. त्यांच्याकडे जाऊन ते दुरुस्त केलं.

दुकानात दोन ब्रँडची तुलना नीट कशी करायची?

दोघींच्या तारा किती जुन्या आहेत ते आधी विचारा. मग ट्यूनर लावून दोन्ही स्वतः सुरात लावा. आपला पिक बरोबर न्या. वाजवायला एकच चाल निवडा, जी झोपेतही येते, आणि ती दोन्हींवर तेवढ्याच जोराने वाजवा. हे कठीण आहे आणि महत्त्वाचं आहे, कारण जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते. आवाजाची नेमकी आठवण क्षणात पुसट होते, म्हणून दोन्ही गिटारी हाताशी ठेवा. एक वाजवून चहा पिऊन दुसरी वाजवली तर ती तुलना उरत नाही.

त्यानंतर गिटार दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही समोर, पाठ फिरवून उभे राहा. वाजवणाऱ्याला वरून जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. पाठ फिरवल्यावर हेडस्टॉकही दिसत नाही, हा दुसरा फायदा. माझ्या बघण्यात निम्म्या लोकांचं मत याच पायरीवर बदलतं.

एका ब्रँडवर मन बसलंय. तरी दुसऱ्या गिटारी वाजवून बघाव्यात का?

हो, आणि त्यासाठी तुमचं प्रेम सोडायची गरज नाही. कितीतरी जणांची पहिली गिटार यामाहाची होती. तिची एफजी-१८० १९६६ ची, आणि त्या मालिकेवर शिकलेल्या माणसांना पुढे काहीही घेतलं तरी त्या आवाजाची ओढ राहते. ही ओढ खरी आहे. ती जपून दुसरं ऐकलं की आपल्याला नेमकं काय आवडतं ते कळायला लागतं. मला वाटायचं की मला मोठा खर्ज आवडतो. दहा-बारा गिटारी वाजवल्यावर कळलं की मला तिसऱ्या आणि चौथ्या तारेचा भरीवपणा आवडतो, खर्ज थोडा कमीच असलेला बरा.

नवी गिटार घेतल्यावर ती आवडली की नाही हे किती दिवसांनी ठरवायचं?

महिनाभर द्या. पहिल्या दिवशी, कंपनीच्याच तारांवर, एक चाल रेकॉर्ड करून ठेवा. मग चांगला सेटअप करून घ्या, तुमच्या नेहमीच्या तारा लावा आणि रोज थोडं वाजवा. महिन्याअखेरीस तीच चाल पुन्हा रेकॉर्ड करा आणि फाइलींची नावं झाकून घरातल्या कोणाला तरी दोन्ही लावायला सांगा.